गॅरेज पूर्ववत करण्याबाबत

गॅरेजमध्ये माणूस झोपू लागला की ते गॅरेज राहत नाही. आता तसा नियम आहे.

पूर्वी नियम कागदावर होता. मी घर बांधलं तेव्हा आमचे कंत्राटदार चौगुले म्हणाले, "मगदूम, नकाशात एक गॅरेज दाखवू." मी यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होतो, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. माझ्याकडे एक जुनी लुना होती. मी म्हणालो, "गाडी कुठं हाय आपल्याकडं?"

"गाडी नसू दे हो. गॅरेजची जागा बांधकामात धरत न्हाईत. फुकटात एक खोली पदरात पडती."

तेव्हा सगळेच तसं करत. आमच्या गल्लीत नकाशावर सतरा गॅरेजं होती आणि गाड्या चार. एका गॅरेजात पिठाची गिरणी, एकात शिवणक्लास, एकात केस कापायचं दुकान. पालिकेचा माणूस आला की शटर खाली ओढायचं आणि त्याला चहा पाजायचा. आमच्या गॅरेजात मी मागाचे जुने सुटे भाग ठेवले होते.

मग दोन हजार एकतीस साली एका शहरात चार मजली इमारत बसली. खालच्या गॅरेजांची दुकानं करताना कुणीतरी मधल्या भिंती काढल्या होत्या. गॅरेजला समोर भिंत नसते, शटर असतं. त्यामुळे घराची ती बाजू मुळातच लेचीपेची असते. आतली भिंतही काढली, की वरचा सगळा भार नुसत्या खांबांवर येतो आणि ते कलायला लागतात. बावीस माणसं गेली. त्यानंतर कायदा आला आणि प्रत्येक घराच्या प्रत्येक खांबाला नाडी बसली.

नाडी म्हणजे रुपयाएवढी चकती. इमारत उभी असली तरी सतत बारीक थरथरत असते आणि प्रत्येक इमारतीचा थरथरण्याचा वेग ठरलेला असतो. खांब कमजोर झाला की तो वेग मंदावतो. चकती ते पकडते. हे मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही. चाळीस वर्षं मी चालत्या मागाला हात लावून सांगत आलो, की आडवा धागा नेणारा धोटा कुठं अडतोय.

आमच्या गावात मात्र नाडीची पंचाईत झाली. इथं रात्रंदिवस मागांचा धडाका. त्यात घराची थरथर कळायची कशी? तेव्हा शास्त्रज्ञांनी मागांची थरथर वेगळी ओळखून ती वजा करायची युक्ती काढली. ती वजा केल्यावर तळाला जे उरलं, त्यात घराची थरथर होती आणि माणसांची पावलं होती.

टाच आधी टेकते की चवडा, दोन पावलांत किती वेळ जातो, कुठला पाय जड पडतो, अंगाचं वजन किती. दोन माणसं सारखी चालत नाहीत. आठवडाभरात नाडी घरच्या माणसांना पावलांवरून ओळखायला लागते. आणि ती एकदा शिकून थांबत नाही. माणूस म्हातारा होतो, त्याचा गुडघा धरतो, चाल बदलते. म्हणून ती रोजच्या चालीतून थोडं नवीन घेते आणि थोडं जुनं सोडून देते. ही गोष्ट मला माहीत होती. नको तेव्हा मी ती विसरलो.

खोलीत कोण कसं राहतं हे नाडीच सांगू लागल्यावर नगररचनेच्या लोकांनी नकाशे बघायचं सोडलं. नियम उलटा झाला. वर्षाकाठी तीस रात्री माणूस जिथं झोपेल किंवा तीस दिवस जिथं कामाला बसेल ती राहती खोली. राहत्या खोलीची उंची नऊ फूट हवी, जोतं रस्त्याच्या वर हवं, जमिनीच्या सहाव्या हिश्श्याएवढी खिडकी हवी, चारी भिंती हव्यात. नसेल तर नोटीस. गिरणी गेली, शिवणक्लास गेला. आमचे सुटे भाग राहिले, कारण ते झोपत नव्हते.

राजमतीला, माझ्या बायकोला, कंपवात झाला आणि मलाही त्या खोलीची गरज पडली.

आमची झोपायची खोली वर होती. तिला जिना चढवेना. खाली फक्त स्वयंपाकघर, मोरी आणि गॅरेज. मी अर्ज केला. आजारी माणसासाठी शुश्रूषा परवाना मिळतो. त्यावर गॅरेज तात्पुरतं राहतं करता येतं. मी शटरच्या जागी खिडकी आणि लाकडी फळ्या बसवल्या. स्वयंपाकघर आणि गॅरेज यांच्यातली भिंत काढली, म्हणजे तिचा वॉकर सरळ येईल आणि पलंगावरून तिला गॅस दिसेल. तिला गॅस दिसला नाही की चैन पडत नसे.

परवान्यात अटी होत्या. भिंत नसेपर्यंत वरच्या मजल्यावर कुणी राहायचं नाही, जड काही ठेवायचं नाही. आणि रुग्णाच्या शेवटच्या नोंदलेल्या पावलापासून नव्वद दिवसांत भिंत पुन्हा बांधून गॅरेज पूर्ववत करायचं.

पहिल्या दिवशी पलंगावर बसून राजमती म्हणाली, "झालं? इतक्या वर्षांत गाडी घेतली न्हाईसा. शेवटी मलाच लावलासा पार्किंगला."

ती त्या खोलीत दोन वर्षं होती. पलंगापासून ओट्यापर्यंत चौदा पावलं. सकाळी साडेसहाला ती वॉकर घेऊन निघायची. आधी वॉकर टेकायचा, मग उजवा पाय, मग डावा घासत. ओट्याजवळच्या भिंतीवर नाडीची पाटी आहे, छोटा पडदा. त्यावर यायचं: 'राजमती मगदूम: चालत आहेत.' तेच पुण्याला त्रिशलाच्या, आमच्या मुलीच्या, फोनवर जायचं. तिची चाल महिन्यामहिन्याला बिघडत गेली, पण नाडी तिला कधी चुकली नाही. मला त्याचं कौतुक वाटायचं.

शेवटी तिचं उठणं थांबलं. नऊ दिवस ती पलंगावर होती. मग छातीत कफ भरला, मिरजेच्या दवाखान्यात नेलं, तिथं पाचव्या दिवशी गेली. मृत्यूची नोंद मिरजेला झाली. दाखला मी आणला आणि कपाटात तिच्या साड्यांखाली ठेवला. आमच्या पालिकेत द्यायला हवा होता. दिला नाही.

पंधराव्या दिवशी पाहुणे पांगले. त्रिशला पुण्याला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा टाकायला उठलो, तर वॉकर वाटेत होता. उचलून कडेला ठेवायचा, ते सोडून मी तो धरला आणि तिच्यासारखा चालत ओट्यापर्यंत गेलो. का गेलो ते सांगता येत नाही.

पाटी उजळली. 'राजमती मगदूम: चालत आहेत. ओळख बासष्ट टक्के.' त्याखाली दुसरी ओळ होती. 'भूपाल मगदूम: हालचाल नाही.'

फोन वाजला.

"आप्पा, आईचं नाव आलं फोनवर."

"मशीन हाय ते. चुकलं असंल."

"चौदा पावलं म्हणतंय."

"वॉकर हलवला मी."

मग ती म्हणाली, "हे बंद करू का फोनवरचं?"

"तुझा फोन. तू बघ."

तिनं बंद केलं नाही. मला ते कळलं, कारण त्यानंतर तिचा फोन रोज पावणेसातला यायला लागला. रात्री जेवलासा का, औषध घेतलं का, एवढंच. आईच्या नावाचं ती बोलायची नाही, मीही नाही.

त्या दिवशी मी परवाना पुन्हा वाचला. 'शेवटच्या नोंदलेल्या पावलापासून.' म्हणजे पाऊल नोंदलं जात असेल, तोवर भिंत नाही. भिंत घातली की ती खोली गॅरेज होणार आणि गॅरेजात राजमती कधीच नव्हती.

बासष्ट टक्के पुरेसे नव्हते. साठाखाली गेलं की नाडी 'अनोळखी' लिहिते. परवान्याच्या घरात भेटायला येणारे असतात, म्हणून एखाद्या वेळी ती नुसती नोंद ठेवते, पण रोज तसं झालं तर कचेरीला कळवते. मी कामाला लागलो. माग लावताना करायचो तसंच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी तिच्या चपला घातल्या. मग डाव्या पायाचं घासणं लांबवलं. ती सहाव्या पावलाला थोडं थांबायची, श्वास घ्यायला. ते जमवलं. पंच्याहत्तर टक्क्यांवर गाडी अडली. अडचण वजनाची होती. ती शेवटी एकेचाळीस किलो होती, मी अडुसष्ट.

गॅरेजच्या आणि स्वयंपाकघराच्या छताला पंख्यांचे हूक होते. त्यांना मी आडवा पाइप बांधला. पाइपवर कप्पी, कप्पीला मागाची एक जुनी स्प्रिंग, स्प्रिंगला दोरी आणि दोरीच्या खालच्या टोकाला फास. फासात दोन्ही काखांखालून मागाचा पट्टा अडकवायचा. स्प्रिंग सत्तावीस किलो उचलून धरेल इतकी ताणली. वॉकर धरला आणि चाललो.

'ओळख एकोणनव्वद टक्के.'

मला आनंद झाला. अडलेला माग सुरू झाल्यावर व्हायचा तसला. लाज नंतर वाटली, पण ती फार टिकली नाही. रोज सकाळी ती दोन मिनिटं मला हवी असायची. पाटीवर ती चालत असायची आणि मी नसायचो. 'भूपाल मगदूम: हालचाल नाही.' मला ते वाचून बरं वाटायचं.

दोनेक महिने गेले. एका सकाळी फोनवर त्रिशला म्हणाली, "आप्पा, गाळा सोडावा लागणार. मालकाला स्वतःसाठी पाहिजे म्हणतोय. एकतीस तारीख दिली आहे."

पुण्यात तिचं भरतकामाचं काम आहे. संगणकावर चालणारी दोन मोठी यंत्रं. एकेक तीनशे किलोचं. लग्न मोडल्यावर तिनं ती स्वतःच्या हिमतीवर घेतली होती.

"तिकडं यायचं म्हणते मी," ती म्हणाली. "वरचा मजला रिकामाच हाय की. तुम्हाला बी सोबत."

"ये की."

"पण भिंत घालायला लागंल आधी. त्याशिवाय वरची परवानगी देत न्हाईत."

"व्हय. अर्ज दिलाय मी. साहेब रजेवर हाय."

"कुठला साहेब?"

"हाय एक."

"नाव काय त्याचं, आप्पा?"

मी म्हणालो, दूध उतू चाललंय, आणि फोन ठेवला. गॅसवर दूध नव्हतं. मुलगी सामान कुठं उतरवायचं म्हणून विचारत होती आणि मी तिच्याशी खोटं बोललो होतो. हे मला त्याच क्षणी कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी पट्टा बांधला. पुढचे बारा दिवस रोज बांधला. ती रोज विचारायची, साहेब आला का. मी म्हणायचो, न्हाई अजून. मग तिनं विचारायचं सोडलं.

वीस तारखेला सकाळी साडेदहाला दारात एक पोरगी उभी. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट.

"मगदूम काका? मी रुबीना मुजावर. कनिष्ठ अभियंता, नगररचना."

आमच्या गावात माणसाला आधी शेड विचारतात. "वडील कुठल्या शेडला होते?"

"शेडला नव्हते. बर्फाची गाडी होती त्यांची."

"मग वळखतो की. भोंगा वाजवत यायचे. बर्फ कमी आन् भोंगा जास्त."

"घरात पण तसेच आहेत," ती म्हणाली आणि हसत आत आली. स्वयंपाकघरात दोन पावलं टाकून ती थांबली. हसणं गेलं.

मी तिच्या नजरेमागून बघितलं. छताच्या पाइपवरून दोरी लोंबत होती. खाली फास.

"काका," ती हळू म्हणाली, "तुम्ही बाहेर चला." तिनं माझा हात धरला. चांगला घट्ट. "बाहेर ओसरीवर बसू आपण. घरात आणखी कोण असतं?"

मला कळायला वेळ लागला.

"तसलं काय न्हाई पोरी."

"बरं. नाही तर नाही. चला तुम्ही."

दुसऱ्या हातानं ती टॅबलेटवर त्रिशलाचा नंबर काढत होती. त्या घटकेला माझ्या मनात एक विचार आला आणि तो मी इथं लपवणार नाही. समजू दे तिला तसंच. बायको गेलेला म्हातारा, दोरी बांधून बसलाय. लोक कीव करतील, डॉक्टर येईल, आणि सकाळच्या पावलांचं कुणी विचारणार नाही. मी तसा गप्प राहिलोही, दोन श्वास. मग पलीकडे घंटी वाजल्याचं ऐकू आलं. फोन उचलून त्रिशला काय ऐकणार, ते डोळ्यांपुढं आलं.

"ठेव तो फोन," मी म्हणालो. "ठेव. दावतो तुला कशाला हाय ती."

मी पट्टा बांधला. फासात अडकवला. चपला घातल्या, वॉकर धरला आणि तिच्यासमोर चौदा पावलं चाललो. सहाव्याला थांबलो.

पाटी उजळली. 'राजमती मगदूम: चालत आहेत. ओळख अठ्ठ्याण्णव टक्के. भूपाल मगदूम: हालचाल नाही.'

रुबीना पलंगाच्या कडेला बसली.

"किती दिवस?"

"चौऱ्याहत्तर."

"तुमच्या मुलीनं वरच्या मजल्यासाठी अर्ज केलाय. सोबत आईचा मृत्यूचा दाखला जोडलाय, मिरजेहून दुसरी प्रत काढून. सिस्टीमनं तो परत फेकला. म्हणे, ही बाई आज सकाळी चालली. म्हणून मी आले. मला वाटलं, सिस्टीमची चूक." तिनं दोरीकडे बघितलं. "काका, ही खोटी नोंद होते. हा गुन्हा आहे."

"ठाऊक हाय."

"आणि ही बाजू उघडी. वर सहाशे किलो येणार, तेही दणके देणारं. खांब कुरकुरला तर सांगायचं कुणी? नाडीनं. आणि तुम्ही तिलाच फसवत बसलाय."

मी पट्टा सोडायला लागलो.

तिनं टॅबलेटवर एक अर्ज उघडला. "मी दंडाचं कलम लावत नाही. पण हे तुम्ही स्वतः लिहून द्या. स्वयंघोषणापत्र. आठ दिवसांत भिंत." तिनं बोट ठेवलं. "इथं शेवटच्या पावलाची तारीख. खरी. सांगा, मी रेकॉर्डशी जुळवून घेते. मूळ थरथर दोनशे दिवस साठवलेली असते."

राजमतीचं उठणं थांबलं तो दिवस मी तिला सांगितला. त्यानंतर नऊ दिवस पलंग, मग मिरज.

रुबीनानं ते दिवस काढले. बोट सरकवत गेली आणि थबकली. "काका, या नऊ दिवसांत तुमच्या घरी कोण आलं होतं?"

"कोण न्हाई."

"सातव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटं. चौदा पावलं ओट्यापर्यंत, मग वीस मिनिटं काही नाही, मग चौदा पावलं परत. अनोळखी व्यक्ती. वजन एकेचाळीसच्या आसपास, वॉकर नाही. तुम्ही त्या वेळी घरात नव्हता."

सातव्या दिवशी मी औषधं आणायला गेलो होतो. दुकानात गर्दी होती. येताना बाहेरून लावलेलं कुलूप मीच काढलं होतं.

"ऐकता येतं का ते?"

तिनं आवाज मोठा केला. नाडीची थरथर कानाला ऐकू येईल अशी करतात. आधी दूरच्या मागांची खरखर. ती तिनं वजा केली. मग पावलं. उजवं पडलं. डावं घासत आलं. मधे काहीतरी बारीक सरकत होतं, भिंतीवरून तळहात सरकावा तसं. सहाव्या पावलाला थांबलं.

मी जन्मभर आवाज ओळखण्याचंच काम केलंय.

"ती राजमती हाय," मी म्हणालो.

रुबीनानं मान हलवली. "मशीन नाही म्हणतंय. तेव्हा वॉकर नव्हता म्हणून चुकलं असेल, पण आत्ता पुन्हा ताडलं तरी नाहीच. त्याच्या लेखी राजमती मगदूम वेगळ्या."

"मग राजमती कोण?"

तिनं टॅबलेट माझ्याकडे वळवला. दोन रेषा होत्या. एक त्या संध्याकाळची, तिच्यापुढे 'अनोळखी'. दुसरी आत्ताची, पट्ट्यातली. तिच्यापुढे 'राजमती मगदूम, अठ्ठ्याण्णव टक्के'.

"ते रोज थोडं शिकतं, काका. चौऱ्याहत्तर दिवस ते तुमच्याकडून शिकलं."

रोज थोडं नवीन घेतं आणि थोडं जुनं सोडून देतं. मी तिच्यासारखा होत नव्हतो. मीच तिला माझ्यासारखं करत होतो. टक्के वाढत होते ते त्यामुळे.

मग मला ती संध्याकाळ आठवली. आमच्यात सूर्यास्ताआधी जेवतात. मी शेडच्या पाळ्यांमुळे कधी ते पाळलं नाही, पण राजमती माझं ताट दिवस मावळायच्या आत वाढून झाकून ठेवायची. मी शेडवरून कधी का येईना. त्या दिवशी मी आलो तेव्हा बाहेर काळोख होता आणि ओट्यावर ताट झाकलेलं होतं. सकाळची भाकरी आणि आमटी. मी दमलो होतो. खाल्लं आणि ताट धुऊन ठेवलं. कुणी वाढलं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ती पलंगावर डोळे मिटून होती. बोलली नाही.

"तारीख हीच घाल," मी म्हणालो.

"मशीन मान्य करणार नाही. पण घरच्या दोन माणसांनी ऐकून ओळख पटवली, तर नियमात बसतं. दोघांच्या सह्या लागतात."

त्रिशला दुसऱ्या दिवशी आली. मला वाटलं, रागावेल. ती पाइपकडे बघत उभी राहिली, मग खुर्चीवर चढून तिनंच दोरी सोडली आणि गुंडाळून ठेवली.

"दाखला तू जोडलास," मी म्हणालो.

"हं."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं. वॉकर हलवायला चौदा पावलं लागत न्हाईत, आप्पा." ती दोरीची गाठ घट्ट करत बसली. "पण मी बी बंद केलं न्हाई. रोज उठून आधी तेच बघायचे. नाव आलं की मग दात घासायचे. तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू?"

रुबीनानं तिला तो आवाज ऐकवला. त्रिशलानं तीनदा ऐकला. तिसऱ्यांदा डोळे मिटून. मग पेन घेतलं आणि सही केली. तिनं आईला ओळखलं, की माझ्यासाठी सही केली, हे मी विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

भिंत चार दिवसांत उभी राहिली. गवंड्यानं पहिला थर लावला तेव्हा मी तिथं होतो. पलंग वर गेला. फळ्या काढल्या, शटर परत बसलं. परवाना बंद झाला आणि राजमतीचं नाव नाडीतून कमी झालं. एकोणतीस तारखेला त्रिशलाची यंत्रं आली आणि क्रेननं वर चढवली.

एकतीसला सकाळी साडेसहाला मी चहा टाकायला खाली आलो. जिन्यावरून ओट्याकडे जाताना डाव्या बाजूला नवी भिंत लागते. अजून ओली आहे. तिला हात लावत मी ओट्याशी गेलो.

पाटी लाल झाली आणि वाजायला लागली. 'अनोळखी व्यक्ती. घरच्या माणसाने ओळख पटवावी.'

मी इकडेतिकडे बघितलं. स्वयंपाकघरात दुसरं कुणी नव्हतं. मी दोन पावलं मागं आलो, पुन्हा पुढं गेलो. सरळ चालायचा प्रयत्न केला. डावा पाय घासतच होता. पाटी वाजत राहिली.

वरून त्रिशला धावत आली. केस मोकळे, हातात फोन. तिनं पाटी वाचली, मग माझ्या पायांकडे बघितलं. मी तिच्या आईच्या चपला घातल्या होत्या. मला त्याची जाणीवही नव्हती.

तिनं पाटीवर अंगठा टेकला आणि तो उचलायच्या आधी, जणू पाटीला ऐकू येतं तशी, म्हणाली, "आमचे आप्पा हायत."